कळशीतलं तेल

मला माणसं चेहऱ्यावरून ओळखायला वेळ लागतो, गुडघ्यावरून मात्र लगेच ओळखते. लग्नकार्यात कुणी समोर उभं राहून "ओळखलंत का मॅडम?" म्हणालं की मी कसंनुसं हसते. मग तीच बाई पंगतीत बसताना आधी डावा पाय पसरते, भिंतीला हात लावते, सावकाश उजवा दुमडते, आणि माझ्या डोक्यात उजेड पडतो. अरे, ही तर कळंबची! गुडघ्यात पाणी होणारी, आणि तेलापेक्षा सुनेबद्दल जास्त बोलणारी. चौतीस वर्षं मी हातात शिवणकामाची टेप घेऊन लोकांच्या गुडघ्यांचे आणि घोट्यांचे घेर मोजले. एवढी मापं एखाद्या शिंप्यानं घेतली असती तर अर्ध्या जिल्ह्याचे कपडे शिवून झाले असते.

धाराशिवच्या बाहेर एका संस्थेची लहानशी आयुर्वेदिक रसशाळा आहे. तिथं सुजेवरची तेलं आणि लेप तयार करणं, जुन्या पाठात थोडा बदल करून ते जास्त गुणकारी होतात का हे बघणं, हे माझं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ पाला धुण्यात जातो आणि उरलेला, तो नीट धुतला नाही म्हणून ओरडण्यात. ओरडायचं काम मी मनापासून केलं. मला राग आधी येतो आणि अक्कल मागून, एसटीनं येते.

सूज म्हणजे काय ते आधी सांगते. मुरगळलं, लागलं, सांधा झिजला की शरीर त्या जागी रक्त आणि पाणी धाडतं आणि आपली दुरुस्ती सुरू करतं. म्हणून ती जागा फुगते, गरम लागते, ठणकते. काम झालं की ते पाणी ओसरायला हवं. ते ओसरत नाही तिथं आमची गरज लागते. आणि अंगात ताप असेल, सांधा लालबुंद असेल तर आमचीही गरज नाही, सरळ दवाखाना गाठा. हे मी प्रत्येक बाटलीबरोबर सांगायचे, आणि लोक मान डोलावून विचारायचे, "मग तेल किती वेळा लावू?"

आमचं मुख्य तेल निरगुडीचं. ओढ्याकाठी कुठंही फोफावणारं हे झुडूप, शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. त्याच्या पाल्याचा रस काढायचा, थोडा पाला चटणीसारखा वाटायचा, दोन्ही तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर तासन् तास आटवायचं. त्यात मी सालईचा डिंक आणि सुंठ यांची भर घातली होती, आणि किती घालायची हे ठरवण्यात माझी सहा वर्षं गेली. एका वेळी कढईत होतं तेवढ्या तेलाला आम्ही घाणा म्हणतो. घाणा उतरवायचा क्षण चुकला की सगळं गेलं. पाणी राहिलं तर तेल खवट होतं, जास्त आटलं तर करपतं. म्हणून तळचा गाळ चिमटीत घेऊन त्याची वात वळायची आणि विस्तवावर धरायची. तडतडली तर तेलात अजून पाणी आहे. मुकाट जळली तर कढई उतरवा.

माझी वात नेहमी तडतडायची. माणिकरावांची कधीच नाही. माणिकराव तामलवाडीचे. घरी मेंढरं, वडील रानोमाळ हिंडणारे, त्यामुळं झाडपाल्याची ओळख त्यांना शाळेच्या आधी झालेली. एकतीस वर्षं ते कढईपाशी उभे राहिले. वात वळायच्या आधीच ते कान देऊन तेलाचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "झालं मॅडम." मी पदवीधर, मी तरीही वात जाळून बघायचे. ते शांतपणे बाजूला उभे राहायचे, जसं मोठं माणूस हट्टी पोराला बघतं तसं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. तुळजापूरकडचा एक शेतकरी दर पंधरवड्याला दोन बाटल्या न्यायचा आणि तेलाचं तोंडभर कौतुक करायचा. मी खूश. एकदा म्हटलं, दाखवा तरी तुमचा खांदा. तो बावरला. खांदा त्याचा नव्हताच, बैलाचा होता. जू घासून सुजलेला खांदा आमच्या तेलानं उतरला होता. मी त्याला बोलले, पण घरी येऊन नवऱ्याला तो किस्सा तीनदा सांगितला.

हा किस्सा संस्थेच्या समितीपर्यंत गेला, आणि तिथंच पुढची गोष्ट सुरू झाली. तुम्ही म्हणता तेल चांगलं, बैलही म्हणतो, आता कागद काय म्हणतो ते दाखवा, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे रीतसर चाचणी. निम्म्या लोकांना खरं तेल, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं मिळालं हे त्यांना कळता कामा नये आणि मलाही, कारण मला माहीत असेल तर माझी टेपसुद्धा पक्षपात करील. साधं तेल हिरवं दिसावं म्हणून तिळाच्या तेलात पालकाचा रस आटवला, वास कळू नये म्हणून दोन्हींत कापूर घातला. बाटल्यांवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, ती यादी कचेरीत बंद पाकिटात. बाटल्या भरण्यापुरती ती माणिकरावांच्या हाती आली आणि परत गेली.

गाव निवडलं लोहाऱ्याकडचं. नाव सांगत नाही, तिथल्या बायकांनी मला शपथ घातलीय. माणिकरावांची थोरली बहीण तिथं दिलेली, सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. साठी उलटलेली, उंच, आवाज असा की शेताच्या या बांधावरून हाक दिली तर त्या बांधावरचा माणूस उठून उभा राहील. गुडघे मात्र पार गेलेले. घराचा उंबरा ओलांडतानासुद्धा तिला चौकट धरावी लागायची. तिच्यामुळं तीस-पस्तीस बायका तयार झाल्या.

मारुतीच्या देवळापुढं त्यांना बसवून मी सगळं खरं सांगितलं. नियमच तसा आहे, आणि तो योग्यच आहे. निम्म्या बाटल्यांत औषध आहे, निम्म्यांत नुसतं पालकाचं तेल, कुणाला काय ते नशिबावर, पटत नसेल तर आत्ताच उठून जा. कुणी उठलं नाही. आक्कानं एवढंच विचारलं, की कुणाला काय मिळालं ते निदान तुम्हाला तरी ठाऊक असतं का. मी अभिमानानं नाही म्हटलं. मग बायका एकमेकींकडं बघून हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला पुढं तीन महिन्यांनी कळला.

पहिल्या महिन्याची मापं घेतली. सगळ्याच गुडघ्यांचा घेर थोडाथोडा उतरला होता, सगळ्यांचा जवळजवळ सारखा. असं होत नसतं. मला राहवेना. परत आलेल्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेले थेंब काचपट्टीवर चढवून निळ्या दिव्याखाली बघितले. या दिव्याखाली निरगुडीचा ठिपका चमकतो. निम्म्या पट्ट्यांवर तो दिसायला हवा होता, निम्म्यांवर नाही. तो सगळ्यांवर दिसला, आणि सगळ्यांवर फिका. दोन्ही तेलं एकत्र झाल्याशिवाय असं दिसणार नाही. आणि ती दोन्ही तेलं हाताळणारा माणूस एकच होता.

मी पट्ट्या घेऊन तशीच कढईच्या खोलीत गेले. तिथं चार कामगार होते, दोन शिकाऊ मुली होत्या. मी कुणाची पर्वा केली नाही.

"एकतीस वर्षं झाली माणिकराव, आणि तुम्हाला दोन पिंपं वेगळी ठेवता येत नाहीत?"

त्यांनी पट्ट्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्या मिसळलं न्हाय मॅडम," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "राखीव बाटल्या बघितल्या का?"

प्रत्येक घाण्याच्या बाटल्या भरून झाल्या की शेवटची एक लाखेनं बंद करून माझ्या कपाटात ठेवायची पद्धत आहे, पुढं शंका आली तर तपासता यावी म्हणून. शंका आली होती, कपाट माझ्या खुर्चीमागं होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पण रागाच्या भरात मला तो प्रश्न उलट उत्तर वाटला. त्याच दिवशी मी कार्यवाहांना लिहून दिलं, की बाटल्या भरताना निष्काळजीपणानं दोन घाणे मिसळले गेले. ते माणिकरावांच्या सेवापुस्तकात चढलं. त्यांना कढईवरून काढून कोठीत मुळ्या निवडायला बसवलं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. आमच्याकडं माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याचं सेवापुस्तक सगळ्यांसमोर वाचून दाखवतात.

मी स्वतः उभी राहून नवे घाणे करवले, यादी मला कळू नये म्हणून बाटल्या कचेरीतल्या कारकुनाकडून भरून घेतल्या, चाचणी पहिल्यापासून सुरू केली. माणिकराव रोज वेळेवर यायचे, कोठीत बसायचे, मुळ्यांची माती झाडायचे. दिवाळीला दोन दिवस रजा घेऊन बहिणीकडं भाऊबिजेला जाऊन आले. परत आल्यावर आणखीच गप्प झाले. मला वाटलं, चूक उमगली असेल.

दिवाळीनंतरच्या महिन्याच्या बाटल्या एसटीनं पुढं पाठवल्या होत्या आणि मी दुसऱ्या दिवशी जाणार होते. पण सकाळी लोहाऱ्याची गाडी मिळाली, तिथून जीप मिळाली, आणि मी एक दिवस आधीच गावात पोचले. आक्काच्या अंगणात पाऊल टाकलं तर समोर सगळ्या बायका गोल करून बसलेल्या. मध्ये पितळेची कळशी. माझ्या सगळ्या बाटल्या उघड्या, रिकाम्या, ओळीनं मांडलेल्या. आक्का कळशीत पळी घालून ढवळत होती, आणि तिची थोरली सून नरसाळं धरून एकेक बाटली पुन्हा भरत होती. कापराचा आणि निरगुडीचा वास नुसता घमघमत होता.

कुणी दचकलं नाही, कुणी काही लपवलं नाही. उलट आक्कानं सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.  मी विचारलं, हे काय चाललंय.

"वाटनी," आक्का म्हणाली. "तुमीच सांगितलं न्हवं, निम्म्या बाटल्यांत औषिद न्हाय म्हनून? माज्या घरात दोन सुना हायेत मॅडम. दोघींचे बी गुडघे सुजत्यात. एकीला औषिद अन् एकीला पालक, आसं कसं करू? चूल एक हाय."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. शेजारणींचं तसंच, जावांचं तसंच, विहिणींचंही तसंच. पहिल्या दिवशीच देवळापुढून उठताना त्यांचं ठरलं होतं. अर्धं तर अर्धं, पण सगळ्यांना. माझ्या सगळ्या शिक्षणात मला कुणी शिकवलं नव्हतं, की एका गावात दोन तेलं वाटू नयेत. मी त्यांना मापांचे, नियमांचे, पाकिटाचे सगळे धडे दिले. फक्त त्या एकमेकींच्या कोण आहेत हे विचारायचं राहिलं.

मग मला कढईची खोली आठवली. मी आक्काला विचारलं, हे माणिकरावांना माहीत आहे का.

"व्हय की. भाऊबीजंला आल्ता तवा म्याच सांगितलं. ऐकलं अन् गप बसला. म्हनला, मॅडमला मी सांगतो, तू बोलू नगं." तिनं पळी थांबवली. "सांगितलं न्हाय व्हय त्यानं?"

सांगितलं की, असं मी म्हटलं. सरळ खोटं बोलले. चहा प्यायले, आणि एकही माप न घेता परत फिरले.

रसशाळेत पोचल्यावर मी पहिल्यांदा कपाट उघडलं. राखीव बाटल्यांची लाख फोडली, थेंब पट्टीवर चढवले. एकीवर निरगुडीचा ठिपका झगझगीत, दुसरीवर काही नाही. एवढं काम पाऊण तासाचं होतं. दोन महिन्यांपूर्वी ते मी केलं असतं तर एका माणसाची मान खाली गेली नसती. मी पट्ट्या हातात घेऊन कोठीत गेले. माणिकराव पोत्यावर बसून पुनर्नवेची मुळं निवडत होते. मी त्यांची माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळं ती धड मागताही आली नाही. तुम्ही सांगितलं का नाही, म्हणून मी पुन्हा त्यांच्यावरच चिडले.

ते हसले. "तुमचा राग मला ठावं हाय मॅडम. माज्यावर निघाला तर चार दिवसांनी जातोय. बायांवर निघाला असता तर बाटल्या बंद झाल्या असत्या." मग मुळं बाजूला सारून हळूच म्हणाले, "आक्का आता चौकट धरत न्हाय."

शास्त्राचं काय झालं तेही सांगून टाकते. पुढच्या वर्षी आम्ही अख्ख्या एका गावाला एक तेल दिलं, अख्ख्या दुसऱ्या गावाला दुसरं, आणि मध्ये थांबून अदलाबदल केली. प्रत्येकाची बारी येणार हे ठाऊक असल्यावर कुणी कळशी काढली नाही. तेलाचा गुण दिसला. चमत्कार नव्हे, बेताचा, पण खरा गुण. समितीनं तो मान्य केला. पण हे सगळं नंतर.

त्या वेळी माझ्यापुढं एकच काम होतं, सेवापुस्तकातली ती ओळ. मी कार्यवाहांना दुसरं पत्र लिहिलं, चूक माझी आहे, शेरा काढा. ते भले माणूस, पण नियमाचे पक्के. म्हणाले, आधीचं पत्र तुमच्याच सहीचं आहे. राखीव बाटल्या तुमच्याच कपाटातल्या, किल्ली तुमचीच. तेल कुणी मिसळलं त्यांचं लेखी आणा, तोवर माणिकराव कढईवर नाहीत. आणि माणिकराव तर ऐकायलाच तयार नव्हते. आक्काचं नाव कागदावर नको, शेरा राहिला तर राहू दे, वाचणार एकदाच आहेत, असं त्यांचं म्हणणं.

आठ दिवस मी घुसमटले. शेवटी त्यांना न विचारता आक्काला फोन लावला आणि माझं खोटंही कबूल केलं.  मग तिनं विचारलं, "मानिकला कोठीत बसवलं तुमी?" आणि फोन बंद केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रसशाळेच्या फाटकाशी गलका ऐकू आला. बघते तर आक्का, तिच्या दोन्ही सुना आणि गावातल्या नऊ बायका. पहाटेची एसटी धरून आलेल्या, पदर खोचलेल्या. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. मी म्हटलं, बसा, कार्यवाहांना खाली बोलावते. आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती पायऱ्या चढायला लागली आणि मागून सगळ्याजणी.

आवाज ऐकून माणिकराव कोठीतून बाहेर आले. काय चाललंय ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते धावत पुढं झाले, तिला अडवायला की आधार द्यायला, मला सांगता येणार नाही.

"हात नगं," आक्का म्हणाली. "चढते मी."

ती चढली. मध्ये दोनदा थांबली, दम घेतला, आणि चढली. त्या बाराजणींतला प्रत्येक गुडघा माझ्या ओळखीचा होता. कुठला कुठं अडतो, कुठला कधी कुरकुरतो, सगळं माहीत होतं.  वर कार्यवाहांनी खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं. आक्का बसली नाही.

"आदी लिवा," ती म्हणाली. "कळशी माजी. तेल वतलं म्या, ढवळलं म्या. माज्या भावानं काय मिसळलं न्हाय."

कार्यवाहांनी लिहिलं. बाराही जणींनी खाली सह्या केल्या, अंगठे उठवले. मग त्यांनी सेवापुस्तक मागवलं, ती ओळ सगळ्यांदेखत खोडली आणि बाजूला सही केली. आक्कानं ती सही जवळून निरखून बघितली, कारण तिला वाचता येत नव्हतं, आणि मग कुठं पाणी प्यायली. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

खाली उतरताना मात्र तिनं भावाचा हात घट्ट धरला. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त दुखतो. एकेक पायरी करत दोघं उतरले, फाटकापर्यंत गेले. माणिकरावांनी तिला रिक्षात बसवलं आणि डोळे पुसत परत आले. त्यांची पावलं सवयीनं कोठीकडं वळली.

मी वरच्या कठड्यापाशी उभी होते. माझेही डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत होता.

"माणिकराव," मी ओरडले, "तिकडं कुठं? कढईकडं चला."

त्यांच्या नोकरीचे अकरा दिवस उरले होते. तेवढ्यात त्यांनी चार घाणे उतरवले.